तोटी विसळण्याचं कारण

भुताच्या पिच्चरमधलं भूत नेहमी शेवटच्याच खोलीत का राहतं, हा प्रश्न मी आजवर भेटेल त्याला विचारला आणि कुणी मला धड उत्तर दिलेलं नाही. चाळ असो, वसतिगृह असो, आताची फ्लॅटची बिल्डिंग असो, लांबलचक व्हरांडा संपतो, दिवा मिणमिणतो आणि संडासाचा वास सुरू होतो, तिथंच ते बिऱ्हाड मांडणार. मालकाच्या खोलीत उजेड असतो, वारा असतो, स्वतंत्र नळ असतो, पण तिथं एखादं भूत राहायला गेलेलं मी तरी पाहिलं नाही. अहो, भिंतीतून आरपार जाणारा जीव तो, त्याला कोण अडवणार होतं? पण नाही. मेल्यावरसुद्धा ज्यानं त्यानं आपापल्या जागेवरच राहायचं. हे या पिच्चरवाल्यांना कोण शिकवतं, मला ठाऊक आहे. एकाला तर मीच शिकवलं. ती हकीकत सांगताना माझा आवाज चढेल. चढू द्या. इतकी वर्षं तो खाली दाबून दाबून माझी मान आखडली आहे.

लोणावळ्यात रेल्वे यार्डाच्या वरच्या अंगाला आमची घासलेट चाळ होती. तिथं आधी रॉकेलचं गोदाम होतं म्हणे, म्हणून हे नाव. भिंतींना असा वास मारायचा की पाहुणे विडी पेटवायला पार रस्त्यावर जायचे, आणि उन्हाळ्यात भिंत पिळली असती तर एखादा स्टोव्ह दोन दिवस चालला असता. एका ओळीत सोळा खोल्या, पुढं सगळ्यांचा मिळून एक व्हरांडा, आणि सोळावी खोली आमची. आमच्या पुढं तीन संडास आणि त्यांच्यापुढं सगळ्या चाळीचा मिळून एक नळ. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर जायची ते त्यांच्या हातात असायचं, पण घरात कुठली भाजी शिजायची ते नसायचं. घाट चढताना गाडीला मागून रेटणारी इंजिनं लोणावळ्यात सुटी होत आणि सुटताना असा काही हुश्श सुस्कारा टाकत की आमच्या फळीवरची जर्मनची भांडी एकमेकांना टाळ्या द्यायची. आई त्या सुस्काऱ्यावर भाकरी उलटायची. गाडी लेट झाली की आमच्या भाकरीला डाग पडायचे, एवढं मी शपथेवर सांगते, बाकी तुम्ही माना न माना.

आई चिक्की गुंडाळायची. बाजारातल्या एका दुकानातून वड्यांची पाटी घरी आणायची, व्हरांड्यात मांडी घालून एकेक वडी कागदात गुंडाळायची आणि संध्याकाळी पाटी परत पोचवायची. तुटलेल्या वड्यांचा चुरा आमचा. आमच्या घरात साखर पाहुण्यांनाच माहीत, आम्ही चहात चुराच टाकत असू, आणि पेल्याच्या तळाशी शेंगदाण्याची अख्खी पाकळी सापडली की माझे दोघे भाऊ तिच्यावरून महायुद्ध करत. मुंबईचे लोक गाडी थांबवून ती चिक्की घेत, आईच्या बोटांनी गुंडाळलेली वडी मिटक्या मारत खात, आणि त्यांच्या पोटात आजवर काही बिघडल्याचं ऐकिवात नाही. तीच बोटं नळाच्या तोटीला लागली की मात्र मागची बाई तोटी विसळून घ्यायची.

हे विसळणं नीट सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना ते कळत नाही आणि ज्यांना कळतं ते न कळल्यासारखं करतात. सकाळी सहाला पाणी यायचं, सातला जायचं. सोळा घागरींची रांग लागायची, सगळ्यात पुढं आमची, कारण आई चारला उठून ती मांडून यायची. पाणी भरून आई बाजूला झाली की मागची बाई तांब्याभर पाणी घेऊन तोटीवर ओतायची, मग स्वतःची घागर खाली लावायची. भांडण नाही, शिवी नाही, हाडतूड नाही. ‘कमळाबाई, पोराचा ताप उतरला का,’ असं मायेनं विचारत विचारत विसळायच्या. आम्ही बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला त्यालाही तोवर बरीच वर्षं झाली होती. आईचं माहेर इंदुरीचं. तिथं तिच्या लहानपणी इंद्रायणीच्या खालच्या अंगाला आमच्या लोकांचा वेगळा पाणवठा होता. त्या मानानं एका रांगेत घागर लागते हेच तिला अप्रूप होतं. पण विसळलेल्या तोटीकडं ती कधी पाठ करायची नाही. घागर कमरेवर घेऊन तिथंच उभी राहून बघायची आणि विसळून झालं की चालू लागायची.

आमच्या मागं घागर असायची पंधरा नंबरच्या तारामावशीची. तारामावशी वाईट बाई असती तर मला फार सोपं गेलं असतं. पण माझा धाकटा भाऊ अवेळी झाला तेव्हा नाळ हिनंच कापली, आणि आईला पंधरा दिवस मेथीचे लाडू करून घातले, तेही आमच्याच चुलीवर. एकदा सकाळी तिच्या घरात दूध उतू चाललं आणि त्या घाईत ती विसळायचीच विसरली. घागर भरली, घरी नेली, स्वयंपाक झाला, माणसं जेवली, कुणी मेलं नाही. दुसऱ्या दिवशीही विसळलं नाही. तिनं सोडलं म्हणून हळूहळू बाकीच्यांनीही सोडलं. आई ही गोष्ट दादांना दर महिन्याला नव्यानं सांगायची, एखाद्या लढाईची सांगावी तशी. तिच्या तोंडी त्या उतू गेलेल्या दुधाचं पातेलं दरवेळी थोडं मोठं व्हायचं. थापा मारायचं वळण माझ्यात कुठून आलं, ते आता कळलं असेल.

अशी तीनेक वर्षं चांगली गेली आणि मग ती पिच्चरची टोळी आली. त्यांना भुताची चाळ हवी होती. पुण्यापासून हिंडत हिंडत त्यांनी बऱ्याच चाळी पाहिल्या, आणि आमची पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. काही म्हणजे काही रंगवायची गरज नाही, म्हणाले. याचा आमच्या लोकांना राग यायला हवा होता. ते बिचारे हरखून गेले. जो तो आपलीच खोली किती पडकी आहे ते दाखवायला पुढं. नऊ नंबरवाल्यांनी तर हातानं पोपडे काढून दाखवले. आमचं दार तेवढं त्यांनी काळं रंगवलं. शेवटची खोली ना.

त्या टोळीत गोष्ट लिहिणारा एक माणूस होता. खांद्याला झोळी, दाढीत बिस्किटाचा चुरा. त्याच्याकडं भूत होतं, चाळ होती, पण भुताला कारण नव्हतं. दुपारी तो व्हरांड्यात बसून ज्याला त्याला विचारायचा, इथं पूर्वी काही घडलंय का. मी तेव्हा सोळाची, मॅट्रिकच्या वर्गात, आणि जीभ अशी की शाळेत मास्तरांनी माझ्यासाठी वेगळी छडी ठेवलेली. मला असा श्रोता जन्मात मिळाला नव्हता. मी त्याला टाकीतला मिशीवाला नाग सांगितला. ड्रायव्हरशिवाय घाट उतरून जाणारं इंजिन सांगितलं. राजमाचीच्या वाटेवर बैलाशी बोलणारी म्हातारी सांगितली. त्यानं जांभई दिली. माझा श्रोता हातचा चालला होता, आणि गोष्ट सांगणाऱ्या माणसाला त्याहून मोठी भीती नसते. म्हणून मी सगळ्यात तळची, खरी गोष्ट काढली. म्हटलं, इथं सोळा नंबरच्या बाईनं पाणी भरलं की मागची बाई तोटी विसळून घ्यायची.

तो ताठ बसला. ‘का?’

त्या ‘का’वर मी अडकले. खरं कारण एका वाक्याचं होतं. पण समोर शहरातला शिकलेला माणूस, आमच्या कपातून चहा पिऊन झालेला, मला ‘सुमन, तू लिहीत जा’ म्हणालेला. कारण सांगितलं तर त्याची नजर त्या कपाकडं जाईल, असं मला वाटलं. गेली असती की नसती, देव जाणे, म्हणजे आमच्या घरात तोही नाही, तेव्हा कुणीच जाणत नाही. मी म्हटलं, ‘आमच्या आधी तिथं एक बाई राहायची. तहानेनं मेली. ती पहाटे येऊन तोटीला तोंड लावते. म्हणून विसळायचं.’ आणि एकदा गाडी उताराला लागल्यावर मी कशाला थांबते? तिची मान तीन हात लांब केली, तिला उलटी पावलं दिली, तिच्या केसांतून पाणी निथळायला लावलं. तो भराभर लिहीत होता, आणि मला कौतुकानं गुदगुल्या होत होत्या. आज त्या पोरीच्या कानाखाली आवाज काढावासा वाटतो.

पुढच्या वर्षी पिच्चर आला. थिएटरात तो किती दिवस टिकला मला माहीत नाही. आमच्या चाळीत तो एका रविवारी दुपारी व्हीसीआरवर लागला. व्हरांड्याला गोधड्या लावून अंधार केला, सगळ्यांनी मिळून टीव्ही भाड्यानं आणला, तारामावशीनं घमेलंभर भडंग केलं. आपापलं दार दिसलं की लोक टाळ्या पिटत होते. मग आमचं दार आलं. काळं, कडीला केसांचा पुंजका. आधी हशा झाला, मग हळूहळू भडंग चावायचे आवाज थांबले. पिच्चरमध्ये सोळा नंबरच्या बाईमागून जो पाणी भरी त्याच्या घरात एकेक माणूस आटत जाई, आणि शेवटी जटावाला मांत्रिक येऊन सांगे की तोटी तीनदा विसळा, विसळल्याशिवाय तिच्या मागचं पाणी पिऊ नका. मी शेवटच्या ओळीत बसले होते. माझंच वाक्य, वर ‘तीनदा’ची भर घालून, जटा लावलेल्या माणसाच्या तोंडी. आईनं पिच्चर संपायच्या आधीच उठून चिक्कीची पाटी जवळ ओढली. दादा म्हणाले, ज्या घरात देवाला जागा नाही तिथं भुताला कुठून देणार. लोक हसले. दादांना वाटलं, विषय संपला.

सोमवारी सकाळी आईनं घागर भरली, कमरेवर घेतली, आणि तारामावशीनं तोटीवर तांब्या ओतला. एकदा नाही, तीनदा. पिच्चरमधल्यासारखं.

माझ्या भाचीनं परवा तो पिच्चर मोबाइलवर शोधून काढला. कुठल्या तरी भल्या माणसानं तो सगळ्यांना बघायला टाकून ठेवला आहे. खाली एकानं लिहिलंय की ही सत्य घटना आहे, माझ्या मामांनी ती बाई स्वतः पाहिली होती. त्या मामांना माझा नमस्कार सांगा. मी वडगावला ज्या सोसायटीत राहते तिथंही बायका रात्री असले पिच्चर बघून सकाळी लिफ्टमध्ये एकमेकींना भीती घालत असतात. त्याच लिफ्टवर पाटी आहे, घरकाम करणाऱ्यांनी मागची लिफ्ट वापरावी. कारण लिहिलेलं नाही. मीटिंगमध्ये मी कारण विचारलं तर सेक्रेटरी म्हणाले, मॅडम, सोयीसाठी. म्हटलं, कुणाच्या, ते लिहा ना. तेव्हापासून मला मीटिंगची नोटीस उशिरा मिळते.

तर ते तीनदा विसळणं. आठवड्याभरात रांगेतल्या सगळ्या विसळायला लागल्या. तिसऱ्या नंबरच्या संडासात पिच्चरमधली बाई दिसली होती, म्हणून तो चाळीनं सोडून दिला. पंधरा बिऱ्हाडं दोन संडासांवर डबे घेऊन ताटकळायची आणि तिसरा आमच्या एकट्याचा. माझे भाऊ खूश. थोरला तिथं मासिक घेऊन जायचा, महाराजांसारखा अर्धा अर्धा तास. भूत आपल्याला पावलं, म्हणायचा. मीही दोन दिवस हसले, खोटं कशाला सांगू. मग एकदा आईचं तोंड पाहिलं आणि हसू विझलं. तिनं तारामावशीला विचारलं होतं, आणि तारामावशी अगदी जीव तोडून म्हणाली होती, ‘कमळाबाई, तुमी मनाला लावून घिऊ नका. तुमच्यामुळं न्हाई काय. ते पिच्चरमदी दावलं न्हाई का, त्या बाईमुळं.’

आई म्हणाली, ‘कंची बाई? आमच्या आदी तितं कोळशाची पोती व्हती.’

‘आता ते मला काय ठावं. पर पिच्चरवाल्यान्ला कुटनं तरी कळलंच आसल ना.’

बघा म्हणजे. आधी विसळताना त्यांना निदान मनातल्या मनात थोडं टोचत असेल. आता तेही नाही. हाताशी भूत होतं. भूत काय, कुणाच्याही जातीचं असतं. कुणाला वाईट वाटायचं कारणच उरलं नव्हतं, आणि हे सोयीचं कारण मी, कमळाबाईच्या पोटची पोर, चहाच्या एका कपावर त्यांना पुरवलं होतं.

त्या संध्याकाळी आई भाकऱ्या थापत होती तेव्हा मी सांगून टाकलं. ती बाई मी सांगितली. त्या झोळीवाल्याला. आईचा हात परातीत थांबला. बाहेर इंजिनानं सुस्कारा टाकला, तिनं भाकरी उलटली नाही.

‘काय म्हनून सांगितलंस?’

मी म्हटलं, खरं कारण सांगायची लाज वाटली.

भाकरीचा धूर व्हायला लागला तरी ती माझ्याकडं बघत होती. मग म्हणाली, ‘लाज त्यान्ला वाटाया पायजे व्हती. तू ती उचलून आपल्या घरात कशाला आनलीस?’ मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं करपलेली भाकरी माझ्या ताटात वाढली आणि सांगितलं, ‘सकाळी नळावर चल माझ्यासंगं.’

सकाळी धुकं असं की घागरी दिसत होत्या आणि बायका दिसत नव्हत्या. पाणी आलं. आईनं घागर भरली, कमरेवर घेतली आणि बाजूला झाली, पण निघाली नाही. तारामावशीनं तांब्या उचलला. आई मला म्हणाली, सांग.

माझी जीभ, जी मास्तरांच्या वेगळ्या छडीला बधली नव्हती, ती टाळूला चिकटली. मग मी बोलले, आणि पहिल्यांदाच आयुष्यात काही वाढवून सांगितलं नाही. ‘आमच्या खोलीत कुणी बाई मेली नाही. भूत मी रचलं. तुम्ही तोटी आमच्यामुळं विसळत होता. त्या माणसाला ते सांगायची मला लाज वाटली, म्हणून मी भूत सांगितलं.’

मागून एकीनं खोकून घेतलं. आई तारामावशीला म्हणाली, ‘आता इसळ, तारा. मी अडवत न्हाई. पर कशापायी इसळतीस ते आदी तोंडानं म्हन, मंग इसळ.’

तारामावशीच्या हातात तांब्या भरलेला. तोटीतून पाणी दगडावर धो धो पडत होतं, मोरीतून यार्डाकडं वाहत होतं. रांगेतून कुणीतरी म्हणालं, अगं आवरा, पाणी जाईल. पण पुढं कुणी येईना. पुढं यायचं तर एक तर न विसळता घागर लावायला हवी, नाही तर ते वाक्य म्हणायला हवं. पंधरा बायका, सगळ्यांच्या तोंडात ते वाक्य तयार होतं, पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं, आणि एकीचेही ओठ उघडत नव्हते. एकीनं डोंगराकडं बघितलं, जो धुक्यात दिसतच नव्हता. एकीनं पदर नीट केला, पुन्हा केला. तेवढ्या पाण्यात वलवण धरण दोनदा भरलं असतं, आणि हे मी वाढवून सांगत नाही. सात वाजले. तोटी खाकरली, दोन थेंब टाकले आणि बंद झाली. पंधरा घागरी कोरड्या.

त्या दिवशी घासलेट चाळीत चूल पेटली नाही. पुरुषमाणसं कपाळावर साबण घेऊन व्हरांड्यात आली आणि पाणी नाही हे कळल्यावर बायकांवर ओरडली, बायका आमच्या दाराकडं बघून कुजबुजल्या. दुपारी चाळीच्या मालकाचा निरोप आला की कुरापती काढायच्या असतील तर खोली सोडा. दादांनी निरोप आणणाऱ्याला बसवून चहा दिला, चुरा घालून, आणि सांगितलं की मालकांना म्हणावं, लेखी द्या आणि कारणही लिहा. लेखी काही आलं नाही. मला वाटत होतं, कुणीतरी येईल, दोन शब्द बोलेल. तारामावशी तरी येईल. ती दिवसभर दाराआड होती. धाकट्यानं तिला हाक मारली तर तिनं आतून ओ दिली नाही. त्याची नाळ कापलेल्या बाईनं. तिच्यावरचा माझा राग त्या दिवशीचा आहे, विसळण्याचा नाही.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबर गेले. आईनं घागर भरली, बाजूला झाली, आणि उभी राहिली. तारामावशीच्या हातात तांब्या नव्हता. तिनं घागर सरळ तोटीखाली सारली आणि खाली मान घालून पाण्याकडं बघत राहिली. आईकडं तिनं बघितलं नाही. आई मात्र तिच्याकडं बघत होती. घागर काठोकाठ भरली, पाणी गळ्यावरून ओघळायला लागलं, तरी आई जागची हलली नाही, आणि आई हलेपर्यंत तारामावशीला मान वर करता आली नाही.